दोन चौकोन आणि एक तास

२००५-०६ चा हिवाळा. इंग्लंडमधल्या एका स्थानिक सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर काम करत होते. साताऱ्याहून इथे येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्या काळात मोठमोठ्या कार्यालयांत ‘पोर्टल’ची लाट होती. कर्मचाऱ्याने सकाळी ब्राउझर उघडायचा, एकदाच पासवर्ड टाकायचा आणि रजेचा अर्ज, पगारपत्रक, सूचना, फोन डायरी हे सगळं एकाच पानावर समोर हजर. त्या पानावर लहान लहान चौकोन असत. त्यांतले दोन चौकोन माझ्या वाट्याला आले: एक ईमेलचा, एक कॅलेंडरचा.

काम अवघड वाटत नव्हतं. ईमेलच्या चौकोनाला सर्व्हरचं नाव सांगायचं, टपाल वाचण्यासाठी कोणतं पोर्ट आणि पाठवण्यासाठी कोणतं ते भरायचं (१४३ आणि २५ हे आकडे आजही झोपेत सांगेन), आणि पोर्टलमध्ये शिरलेल्या माणसाची ओळख मेल सर्व्हरला परस्पर कशी पटवायची ते ठरवायचं. कॅलेंडरचंही तसंच. शेवटी एक रकाना होता, ‘टाइम झोन’. त्याच्या यादीत ‘जीएमटी’ही होतं आणि ‘युरोप/लंडन’ही. मी क्षणभरही न थांबता ‘जीएमटी’ निवडलं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात शिकलेच होते की! इंग्लंडची वेळ म्हणजे ग्रीनिचची वेळ, आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. जानेवारीत चाचणी घेतली, जानेवारीच्याच तारखांवर. सगळं मिनिटाला मिनिट जुळलं.

फेब्रुवारीत त्याच पोर्टलवरून एका वृद्ध बाईंच्या घरभेटीची नोंद झाली. त्यांना घरी किती मदत लागेल हे ठरवायला कार्यालयाची माणसं जाणार होती. दिवस एप्रिलमधला, वेळ सकाळी दहा. कुटुंबाला पत्र गेलं, त्यात दहाच. त्यांच्या मुलाने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. पण भेटीला जाणाऱ्या अधिकारीबाईंच्या मेजावरच्या कॅलेंडरमध्ये तीच नोंद अकराची दिसत होती. त्या अकराला पोचल्या. तोवर मुलगा कामावर परत निघून गेला होता, आणि म्हातारी एकटीच दाराशी खुर्ची टाकून बसली होती. भेट पुन्हा ठरायला तीन आठवडे लागले.

तो एक तास माझा होता. एका रकान्यातल्या एका निवडीचा.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या दोन चौकोनांचा इतिहास जमेल तसा वाचत आले. वाचता वाचता लक्षात आलं, की आपण ज्याला ‘सेटिंग’ म्हणतो तो बहुतेक वेळा कोणीतरी, कधीतरी, भांडून घेतलेला निर्णय असतो. भांडण विसरलं जातं आणि रकाना तेवढा उरतो. या दोन चौकोनांमागची बरीचशी भांडणं याच देशात झाली, आणि त्यांतल्या एका भांडणाचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत जातो.

आधी ईमेलचा चौकोन.

लंडनच्या नैर्ऋत्येला टेडिंग्टन नावाचं उपनगर आहे. तिथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस नावाचे वेल्श शास्त्रज्ञ काम करत. १९६५ च्या सुमारास त्यांनी एक कल्पना मांडली: संगणकांमधला संदेश सलग पाठवायचा नाही, त्याचे सारख्या आकाराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि जो रस्ता मोकळा असेल त्याने रवाना करायचा. या तुकड्यांना त्यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिलं. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी स्वतंत्रपणे अशीच कल्पना मांडली होती, पण नाव टिकलं ते टेडिंग्टनचं.

अमेरिकेत या कल्पनेवर अर्पानेट उभं राहिलं. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी त्यावरून दोन यंत्रांमध्ये टपाल पाठवलं आणि माणूस व यंत्र यांच्या नावांमध्ये ‘@’ हे चिन्ह ठेवलं. ब्रिटनला या जाळ्याशी जोडलं ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पीटर कर्स्टाइन यांनी. १९७३ च्या जुलैत त्यासाठी लागणारं यंत्र हीथ्रोला उतरलं आणि कस्टम्सवाल्यांनी ते अडवून ठेवलं. व्हॅट हा कर नुकताच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लागू झाला होता. आयात शुल्क भरा आणि व्हॅटही भरा, असा त्यांचा आग्रह. कर्स्टाइन यांनी हमी देऊन यंत्र सोडवून आणलं. भारतातून आणलेल्या लोणच्याच्या बरणीसाठी त्याच विमानतळावर खुलासे देणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटेल! त्या महिनाअखेरीस लंडनहून नॉर्वेमार्गे अमेरिकेशी पहिली पॅकेटं ये-जा करू लागली.

२६ मार्च १९७६ रोजी राणी एलिझाबेथ यांनी मॅल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेच्या भेटीत याच जाळ्यावरून एक ईमेल पाठवला. राज्यावर असताना ईमेल पाठवणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. त्यांच्यासाठी खातं उघडलं ते कर्स्टाइन यांनीच. वापरकर्त्याचं नाव होतं ‘एचएमई२’, म्हणजे हर मॅजेस्टी एलिझाबेथ दुसरी. मजकूर अगदी रुक्ष होता. ‘कोरल ६६’ या संगणकीय भाषेचा कंपायलर आता जाळ्यावर उपलब्ध आहे, एवढीच वार्ता. राणीला फक्त एक-दोन बटणं दाबायची होती. सर्व्हर, खातं, पासवर्ड हे सगळं कोणीतरी आधीच जुळवून ठेवलं होतं. पोर्टलवर सकाळी काम सुरू करणाऱ्या कारकुनाची स्थिती याहून वेगळी नसते.

मात्र ब्रिटिश ईमेलमधलं खरं भांडण पुढेच होतं, आणि ते होतं पत्त्याच्या क्रमाचं. १ एप्रिल १९८४ रोजी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचं ‘जॅनेट’ हे जाळं सुरू झालं. त्याचे नियम वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टनांतल्या पुस्तिकांमध्ये छापले होते, म्हणून त्यांना ‘कलर्ड बुक्स’ म्हणत. फाइल पाठवण्याचे नियम निळ्या पुस्तकात, टपालाचे करड्या पुस्तकात. या पद्धतीत पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहीत: यूके, मग एसी म्हणजे शैक्षणिक क्षेत्र, मग यूसीएल, मग सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स विभाग. अमेरिकेत वाढलेल्या इंटरनेटवर बरोबर उलटं: आधी सीएस, मग यूसीएल, मग एसी, आणि देश सर्वांत शेवटी.

आपल्याला दोन्ही पद्धतींची सवय आहे. लहानपणी पाकिटावर आपण ‘मु. पो.’, मग ‘ता.’, मग ‘जि.’ असं लिहीत गेलो, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. पण त्याच पाकिटावरचा पिनकोड उलटा चालतो. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. तिच्यात पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस. साताऱ्याच्या ४१५००१ मधला ४ पाहिला की पत्र पश्चिमेकडे वळतं. म्हणजे पत्ता माणसासाठी आणि आकडा टपाल वर्गीकरणासाठी, असे दोन क्रम एकाच पाकिटावर सुखाने नांदतात, कारण वाचणाऱ्या पोस्टमनला अक्कल असते. यंत्राला ती नसते. दोन्ही जाळ्यांच्या मध्ये बसून पत्ते उलटेपालटे करणारी गेटवे यंत्रं ठेवावी लागली. एखाद्या पत्त्याच्या शेवटी ‘सीएस’ आलं की तो ब्रिटनमधला कॉम्प्युटर सायन्स विभाग, की चेकोस्लोव्हाकिया, असाही प्रश्न पडू लागला, कारण त्या देशाचा संकेतही ‘सीएस’च होता.

अखेर १९९० च्या दशकात ब्रिटनने आपला क्रम सोडला आणि इंटरनेटचा क्रम स्वीकारला. पण त्या जुन्या पद्धतीची एक खूण कायमची राहून गेली. देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ब्रिटनचा संकेत ‘जीबी’ आहे. जॅनेटवाल्यांच्या हातात मात्र ‘यूके’ बसलेलं होतं, म्हणून इथले पत्ते ‘डॉट यूके’ झाले. आपल्यापैकी अनेकांच्या ईमेलच्या शेवटी जी दोन अक्षरं आहेत, ती एका हरलेल्या पद्धतीची आठवण आहे.

आता कॅलेंडरचा चौकोन. इथली भांडणं त्याहून जुनी.

संगणकावर युनिक्स किंवा लिनक्स वापरणाऱ्या वाचकांनी एक गंमत करून पाहावी. ‘कॅल’ ही आज्ञा देऊन सप्टेंबर १७५२ चा महिना मागवावा. अनेक यंत्रांवर आजही त्या महिन्यात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख दिसते. हा बिघाड नाही. ब्रिटनने जुनं ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन पंचांग घेतलं तेव्हा कायद्याने ११ दिवस गाळले. त्याच वेळी वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीवर आला. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून दंगली झाल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी तिला फारसा आधार नाही. आधार आहे तो हिशोबनिसांच्या हट्टाला. करवसुलीचं वर्ष त्यांनी पूर्ण दिवसांचंच ठेवलं, म्हणून ते पुढे सरकलं. इथलं करवर्ष ६ एप्रिल या विचित्र तारखेला का सुरू होतं, याचं उत्तर त्या ११ दिवसांत आणि १८०० सालच्या आणखी एका दिवसात आहे. दर जानेवारीत कराचं विवरणपत्र भरताना आपण अठराव्या शतकातलं एक सेटिंगच पाळत असतो.

तारखेनंतर घड्याळ. आगगाडी येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक गावाचा स्वतःचा मध्यान्ह होता. ब्रिस्टल लंडनच्या सुमारे १० मिनिटं मागे. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या मार्गावर लंडनची वेळ लावली, पण गावं लगेच बधली नाहीत. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत: एक ब्रिस्टलचा, एक लंडनचा. ग्रीनिचची वेळ ही ग्रेट ब्रिटनची कायदेशीर वेळ झाली ती थेट १८८० साली.

आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबईत हाच तंटा उभा राहिला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावे, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाचं कॉलेज पुण्यात आहे तेच, यांनी १८८१ मध्ये सरकारी कामकाजाला मद्रास वेळ लावली. शहर बिथरलं. विद्यापीठाच्या सिनेटने राजाबाई टॉवरच्या घड्याळात मुंबईचीच वेळ दाखवायचं ठरवलं, आणि त्या तबकडीच्या दिवाबत्तीचा खर्च करायला सरकारने नकार दिला. शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. आज जगभरचे संगणक ज्या टाइम झोनच्या कोशावर चालतात, त्यात आपल्या वेळेचं नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे. मुंबईला तिथे स्वतंत्र नोंद नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत मात्र चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं चौघांचं नाव एकत्र आहे. पन्नास वर्षं चाललेला हट्ट असा एका ओळीत मिटला.

ब्रिटनने मात्र ग्रीनिचची वेळ कायदेशीर करून पुरती चाळीस वर्षंही झाली नाहीत तोच ती अर्धी सोडून दिली. विल्यम विलेट नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाला उन्हाळ्यात पहाटे घोड्यावरून रपेट मारताना दिसे, की ऊन लख्ख पडलंय आणि घरांचे पडदे मात्र बंद. १९०७ साली त्याने स्वखर्चाने पुस्तिका काढून घड्याळ पुढे करायची सूचना मांडली. संसदेने ती वारंवार फेटाळली. विलेट १९१५ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी युद्धातल्या कोळशाच्या बचतीसाठी जर्मनीने ही युक्ती अमलात आणली. त्यामागोमाग २१ मे १९१६ रोजी ब्रिटननेही आणली. लंडनच्या आग्नेयेला पेट्स वुडमध्ये विलेटचं स्मारक आहे, ते एक सूर्यघड्याळ, आणि ते कायम उन्हाळी वेळच दाखवतं.

१९६८ ते १९७१ अशी तीन वर्षं तर हा देश हिवाळ्यातही एक तास पुढेच राहिला. स्कॉटलंडच्या उत्तर भागात मुलांना काळोखात शाळेला जावं लागे. तक्रारी वाढल्या आणि संसदेने मोठ्या बहुमताने प्रयोग गुंडाळला. म्हणजे हिवाळ्यात ग्रीनिच आणि उन्हाळ्यात त्याच्या एक तास पुढे, हा आजचा नियम काही निसर्गाने दिलेला नाही. वर्षातले सुमारे पाच महिने ग्रीनिच आणि सात महिने नाही, असा तो एक समझोता आहे. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाने मला फक्त पाच महिन्यांचं इंग्लंड शिकवलं होतं.

हे सगळं ओझं त्या दोन चौकोनांत आलं कसं? १९९० च्या दशकात प्रत्येक कंपनीचं कॅलेंडर आपली भाषा बोलत होतं. लोटस नोट्सवाल्याने पाठवलेलं मीटिंगचं आमंत्रण मायक्रोसॉफ्टवाल्याला उघडता येईना. १९९८ च्या नोव्हेंबरात ‘आयकॅलेंडर’ हा सामाईक नमुना प्रसिद्ध झाला. त्याचे दोन लेखक होते फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन. एक लोटसचे, दुसरे मायक्रोसॉफ्टचे. बाजारातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या माणसांनी एकत्र बसून लिहिलेला हा करार. त्यात एक शहाणपण आहे: मीटिंगची वेळ लिहिताना नुसता आकडा लिहून भागत नाही, तो कोणत्या गावच्या घड्याळाचा हे सांगावं लागतं, आणि त्या गावात घड्याळ कधी हलतं तेही. २००३ मध्ये पोर्टलच्या चौकोनांसाठीही सामाईक नियम ठरले, आणि एकाचं पोर्टल, दुसऱ्याचा मेल सर्व्हर, तिसऱ्याचं कॅलेंडर अशी मोट बांधणं सोपं झालं. सोपं झालं म्हणजे माझ्यासारख्या नवख्या मुलीच्या हाती आलं.

‘युरोप/लंडन’ निवडणं म्हणजे विलेट, युद्ध, स्कॉटलंडची शाळकरी मुलं, हे सगळं मान्य करणं. नुसतं ‘जीएमटी’ निवडणं म्हणजे १८८० साली थांबणं. यंत्राने मी सांगितलं ते इमानाने केलं. फेब्रुवारीत नोंदलेली एप्रिलची सकाळची दहाची वेळ त्याने ग्रीनिचची दहा धरली. एप्रिलच्या इंग्लंडमध्ये तेव्हा अकरा वाजतात.

अशा चुका फक्त नवख्यांच्याच होतात असं नाही. २००७ मध्ये अमेरिकेने घड्याळ हलवायच्या तारखा बदलल्या, तेव्हा जगभरच्या कार्यालयांतली कॅलेंडरं काही आठवडे गोंधळली आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना लोक चुकीच्या तासाला फोनवर येत राहिले. आपल्यातले कितीतरी डॉक्टर ज्या एनएचएसमध्ये काम करतात, तिथे १४ नोव्हेंबर २०१६ रोजी एका वितरण-यादीत चुकून जवळपास सगळेच सामील झाले. एक चाचणीचा ईमेल आठ लाखांहून अधिक खात्यांत गेला. त्यावर ‘मला का पाठवलं?’ असं विचारणारी उत्तरंही सगळ्यांनाच गेली, आणि टपाल तुंबलं.

त्या एप्रिलमध्ये माझ्या साहेबांनी मला रागावलं नाही. त्यांनी मला त्या वृद्ध बाईंच्या दुसऱ्या भेटीच्या वेळी सोबत जायला सांगितलं. मी कोण, हे अधिकारीबाईंनी त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घड्याळं तर माझीही चुकतात, या महिन्यात स्वयंपाकघरातलं मी अजून पुढे केलेलंच नाही. मग त्यांनी चहा केला. मी माफी मागितली, पण मुलाची अर्ध्या दिवसाची रजा काही परत मिळाली नाही. तेव्हापासून कोणतंही कॅलेंडर जोडताना मी तीन तारखांवर चाचणी घेते: एक जानेवारीतली, एक जुलैतली, आणि एक घड्याळ हलतं त्या रविवारची.

२००६ साली तो रविवार २६ मार्चला आला होता. राणीच्या ईमेलला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती. मला तेव्हा दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या.

साताऱ्याला आई आहे. तिच्याकडे पोर्टल नाही, टाइम झोनची यादी नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे आणि त्यावर मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिने पेन्सिलीने गोल केलेला असतो. त्या दिवशी फोन उचलला की ती आधी ‘कशी आहेस’ म्हणत नाही. ‘तुमचं घड्याळ हललं का गं?’ असं विचारते, आणि मी हो म्हटल्यावर मग साडेचार की साडेपाच ते मनाशी मोजून घेते.